जास्त म्हणजे बेरीज

"हा कागद कुणी लावला?"

वाळुंज सरांनी वर्गाच्या दारातूनच विचारलं. त्यांना बघून चौथीची मुलं उभी राहिली होती. कुणी बसायला सांगेना म्हणून ती तशीच अवघडून उभी होती. मागच्या भिंतीवर मी आदल्या दिवशी शाळा सुटल्यावर खाकी कागद चिकटवला होता, या टोकापासून त्या टोकापर्यंत.

"मी लावला, सर."

"खाली काय आहे माहीत आहे ना?"

"माहीत आहे म्हणूनच लावला."

कागदाखाली सरांचा तक्ता होता. ऑइलपेंटनं, स्वतःच्या हातानं रंगवलेला. एकूण, मिळून, जास्त: बेरीज. उरले, दिले, कमी: वजाबाकी. पट: गुणाकार. प्रत्येकी, समान: भागाकार. रोज प्रार्थना झाली की मुलं मागं वळून हा तक्ता तालात म्हणायची. कारखान्याच्या सगळ्या कॉलनीला तो पाठ होता. चेअरमनच्या मुलानंसुद्धा लहानपणी म्हटलेला, असं सर अभिमानानं सांगायचे.

सर बाकांच्या मधून सावकाश चालत मागं गेले, कागदाचं टोक धरलं आणि एका ओढीत अर्धा कागद खाली आणला. उरलेला ओढला तेव्हा भिंतीचे पोपडेही निघाले. कागदाचा बोळा करून त्यांनी माझ्या टेबलावर ठेवला.

"इंगवले बाई, तुम्ही इथं शिक्षणसेवक आहात," ते म्हणाले. "सध्या सेवक. शिक्षणाचं नंतर बघू."

मुलं हसली. सर हसवायलाच बोलले होते.

ही शाळा नगर जिल्ह्यातल्या एका साखर कारखान्याची. गाळप सुरू झालं की मळीचा वास खडूच्या पेटीतसुद्धा शिरायचा. माझं तिथलं पहिलंच वर्ष. वाळुंज सरांनी कित्येक वर्षं चौथी सांभाळली होती, शिष्यवृत्तीत मुलं काढली होती. त्या जूनमध्ये त्यांना वरच्या वर्गांचं गणित दिलं आणि चौथी माझ्याकडे आली. त्यांना बढती हवी होती, पण वर्ग सोडायचा नव्हता. त्यात त्यांची स्वतःची मुलगी, कस्तुरी, नेमकी त्याच वर्षी चौथीत होती.

पहिल्याच आठवड्यात मी फळ्यावर एक उदाहरण घातलं होतं. वर्गात एकूण चाळीस जण आहेत, त्यांतल्या बावीस मुली, तर मुलगे किती? बहुतेक पाट्यांवर उत्तर आलं, बासष्ट. चाळीस जणांच्या वर्गात बासष्ट मुलगे. मी विचारलं, "हे बसणार कुठं?" कुणालाही हसू आलं नाही. पहिल्या बाकावरच्या कस्तुरीनं हात वर केला आणि समजावून सांगावं तशी म्हणाली, "बाई, एकूण आहे ना त्यात. एकूण म्हणजे बेरीज."

तेव्हाच मी ठरवलं, हा तक्ता या मुलांच्या डोळ्यांपुढून गेला पाहिजे. आता भिंतीवर परत तो होता. मी नवा कागद लावला नाही. मी बाकं फिरवली. दुसऱ्या दिवसापासून मुलांची तोंडं खिडकीकडे, तक्ता एका बाजूला, तो तालात म्हणणं बंद, आणि खिडकीशेजारच्या भिंतीवर फळा म्हणून मी डांबरी रंगाचा एक पट्टा ओढून घेतला. मुख्याध्यापक घोलप सरांनी ते पाहिलं आणि न पाहिल्यासारखं केलं. घोलप सरांना निवृत्तीची घाई होती.

मी मुलांना एवढंच सांगितलं. उदाहरण आलं की आधी आकड्यांवर बोट ठेवायचं. आकडे दिसता कामा नयेत. मग ते गोष्टीसारखं वाचायचं आणि शेजारच्याला आपल्या शब्दांत सांगायचं. कोण आहे, कुणाकडे काय आहे, आपल्याला काय विचारलंय. मग पट्ट्या काढायच्या. जे मोठं त्याची लांब पट्टी, जे लहान त्याची आखूड. काय माहीत नाही तिथं प्रश्नचिन्ह. उत्तर मोठं येणार की लहान, ते आधी बोलायचं. हे सगळं झाल्यावर बोट उचलायचं.

पहिले पंधरा-वीस दिवस भयंकर गेले. आकडे झाकले की मुलं आंधळी व्हायची. "बाई, यात काहीच नाहीये," असं म्हणायची. सगळ्यांत जास्त चिडायची कस्तुरी. तिला वाचायच्या आधी उत्तर द्यायची सवय. घरी, शिकवणीत, सगळीकडे ती पहिली. इथं तिच्या आधी महादू खेमनर गोष्ट सांगून मोकळा व्हायचा, ज्याला अजून जोडाक्षरं वाचता येत नव्हती.

मग एके दिवशी ती मधल्या सुट्टीत वर्गातच थांबली. पाटीवर पट्ट्या काढत होती, पुसत होती, परत काढत होती. मी जवळ गेले तर पाटी उलटी केली.

"दाखव की."

"बरोबर आलं," ती हळूच म्हणाली. "सगळी बरोबर येतायत." तिच्या चेहऱ्यावर आनंद होता आणि त्याच्या मागं काहीतरी धास्ती. "बाई, घरी नका ना सांगू, मी असं करते म्हणून."

"का गं?"

"असंच."

मी तिच्या घरी सांगायचा प्रश्नच नव्हता. तिच्या घरच्या माणसाशी माझं बोलणं केव्हाच थांबलं होतं. तो स्टाफरूममध्ये आला की मी वह्या उचलून बाहेर जायची. मी आले की तो पेपर उघडायचा. माझ्या वर्गातल्या चार-पाच पालकांना त्यानं घरी बोलावून सांगितलं होतं की बाई चित्रं काढायला लावतात, पोरांचं वर्ष वाया जाणार. त्यातले दोघं तावातावानं माझ्याकडे आलेही. वजनकाट्यावरचे एक गृहस्थ तर म्हणाले, "आमच्या पोराला चित्रकार नाही करायचा."

जानेवारीपर्यंत आमचं एकदाच समोरासमोर झालं. दिवाळीच्या सुट्टीनंतर, स्टाफरूममध्ये आम्ही दोघंच होतो.

"तुम्हाला वाटतं मी मूर्ख आहे," ते पेपरच्या मागून म्हणाले.

"मला वाटतं तक्ता मूर्ख आहे."

त्यांनी पेपर खाली ठेवला. "तो तक्ता मी कुणासाठी केला, विचारलंत कधी? ऊसतोडीची पोरं येतात इथं. दिवाळीनंतर येतात, गाळप संपलं की जातात. दरवर्षी वेगळी शाळा, कधी शाळाच नाही. त्यांना धड वाचता येत नाही. पण एक शब्द ओळखता येतो. त्या एका शब्दावर मी त्यांना पास केलंय. तुमची गोष्ट ऐकेपर्यंत त्यांची गाडी निघून गेलेली असते."

मी उचललेल्या वह्या परत टेबलावर ठेवल्या.

"मग त्यांना तरी कळू द्या की ते काय करतायत," मी म्हणाले.

"पास होऊ द्या आधी. कळायचं नंतर कळेल." ते उठले. "आणि माझ्या मुलीवर प्रयोग करू नका. तिला सगळं येतं."

"तिला काय येतं हे तुम्हाला माहीत नाही, सर."

ते दारात थांबले. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मला वाटलं, काहीतरी फेकून मारणार. पण ते निघून गेले.

जानेवारीत सोनटक्के साहेब तपासणीला आले. ते तालुक्याचे विस्तार अधिकारी, त्यांच्या शेऱ्यावर माझी पुढची नोकरी. घोलप सरांनी त्यांना थेट माझ्या वर्गात आणलं, आणि सोबत वाळुंज सरांनाही. माझी तक्रार साहेबांपर्यंत पोचली होती, हे कुणी सांगायची गरज नव्हती. खुर्ची आली, चहा आला, बिस्किटं आली.

"काय ती तुमची पद्धत, ती दाखवा बाई," साहेब म्हणाले.

मी एक उदाहरण घेतलं. मुलांनी बोटं ठेवली, महादूनं गोष्ट सांगितली, दोघींनी पट्ट्या काढल्या, तिसरीनं त्यातली चूक काढली, वाद झाला, मिटला. मला वाटतं धडा चांगला झाला. साहेबांनी दोनदा घड्याळाकडे पाहिलं.

"साहेब," वाळुंज सर दाराजवळून म्हणाले, "एका उदाहरणाला पाव तास झाला. शिष्यवृत्तीच्या पेपरात तेवढ्या वेळात अख्खं पान होतं."

"तेही खरंय," साहेब म्हणाले.

"एक नवीन घेऊ या," मी म्हणाले. माझ्या टेबलावर डब्यात उदाहरणांच्या चिठ्ठ्या असायच्या. साहेबांनी एक उचलली, मोठ्यानं वाचली, मी फळ्यावर लिहिली.

कारखान्याच्या वजनकाट्यावर सकाळी ४८ बैलगाड्या आल्या. सकाळच्या गाड्या दुपारच्या गाड्यांपेक्षा १६ने जास्त होत्या. तर दुपारी किती गाड्या आल्या?

मी खडू खाली ठेवायच्या आत वाळुंज सर बोलले. "यात काय आहे? जास्त. बेरीज. चौसष्ट." त्यांनी चुटकी वाजवली. "संपलं."

चार-सहा मुलांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांना कळलं होतं.

"मुलांना करू द्या ना, सर," मी म्हणाले.

"करू द्या. कुणालाही उठवा. नाहीतर मी उठवतो, म्हणजे नंतर बोलायला नको. कस्तुरी, ये पुढं."

कस्तुरी उठली. फ्रॉक सारखा केला, फळ्याजवळ आली. माझ्या हातातून खडू घेताना तिनं माझ्याकडे पाहिलं नाही. फळ्याच्या अगदी खालच्या कोपऱ्यात, आपल्या अंगाआड झाकलं जाईल अशा बेतानं, तिनं एक लांब पट्टी काढली. तिच्याखाली आखूड. लांब पट्टीवर ४८. आखूड पट्टी जिथं संपत होती तिथून पुढच्या रिकाम्या जागेत १६. आखूड पट्टीत प्रश्नचिन्ह. मग तिचा हात थांबला.

तिनं मान वळवून वडिलांकडे पाहिलं. ते हसत होते. घरच्या माणसानं बक्षीस घ्यायला स्टेजवर जावं आणि आपण खाली बसून बघावं, तसं.

कस्तुरीनं तळहातानं पट्ट्या पुसल्या. फळ्याच्या मधोमध, मोठ्या सुवाच्य अक्षरात लिहिलं: ४८ + १६ = ६४. उत्तर: दुपारी ६४ गाड्या आल्या.

"शाब्बास!" सोनटक्के साहेब म्हणाले.

घोलप सरांनी टाळ्या वाजवल्या म्हणून मुलांनीही वाजवल्या. सगळ्यांनी नाही.

"बघा," वाळुंज सर मला म्हणाले.

साहेबांनी पेन काढलं. माझं वर्ष, माझी नोकरी, सगळं त्या पेनात होतं, आणि गप्प बसणं अगदी सोपं होतं.

"साहेब, उत्तर चुकलंय," मी म्हणाले.

"आं?"

"सकाळच्या गाड्या जास्त आहेत. सकाळी अठ्ठेचाळीसच आल्या. मग दुपारी चौसष्ट कशा येतील?"

साहेबांनी फळा वाचला. परत वाचला, या खेपेला ओठ हलवत. त्यांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. "हं. शब्दांचा खेळ आहे जरा," ते म्हणाले. "बत्तीस. बरोबर, बत्तीस." आणि चहाचा कप उचलला, जो रिकामा होता.

वाळुंज सर फळ्याकडे बघत होते. त्यांनी पहिल्यांदाच ते उदाहरण पूर्ण वाचलं असावं. त्यांच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं नाही, नुसतं तिथंच राहिलं, विसरल्यासारखं.

"बाळ," साहेबांनी कस्तुरीला विचारलं, "बेरीज का केलीस? कुणी सांगितलं?"

"कुणी नाही." ती ताठ उभी होती. "मी वाचायला चुकले."

"कस्तुरी," वाळुंज सर म्हणाले. आवाज अगदी खाली आला होता. "आधी काय काढलं होतंस?"

"काही नाही, सर." शाळेत ती त्यांना सरच म्हणायची, तसा त्यांचा दंडक होता.

"कोपऱ्यात काढलं होतंस. पुसलंस."

"ते चुकून काढलं होतं."

सर पुढं आले. कोपऱ्यात खडूचा पुसट माग राहिला होता. लांब पट्टी, आखूड पट्टी, सगळं नीट दिसत होतं. त्यांनी वाकून ते पाहिलं. मग वळून वर्गाबाहेर गेले.

साहेब पुढच्या वर्गात गेल्यावर मी व्हरांड्यात आले, तर सर खांबाशी उभे होते. माझीच वाट बघत होते.

"ती चुकली नव्हती," ते म्हणाले.

"नाही."

"तिला येत होतं."

"दिवाळीच्या आधीपासून येतंय."

"आणि मी रोज तिची शिकवणी घेतो. मला कळलं नाही. माझ्यापुढं ती तक्ता म्हणते. रोज म्हणते. तुम्ही माझ्या पोरीला माझ्यापासून लपवायला शिकवलंत."

"मी काही लपवायला सांगितलं नाही. तिनंच मला—"

"ती चुकली असती तर मी दोन धपाटे घातले असते आणि विसरलो असतो." त्यांचा आवाज चिरकला आणि त्यामुळे ते आणखी संतापले. "तिनं दया केली माझ्यावर. समजतंय का तुम्हाला? नऊ वर्षांची पोर. भर वर्गात बापावर दया करते. हे तुमच्या त्या पट्ट्यांनी केलं. मी तुम्हाला हे कधी माफ करणार नाही, इंगवले बाई."

"माफी मागितलीय कुणी?" मी म्हणाले. मीही संतापले होते.

शाळा सुटल्यावर मुलं पांगली. कस्तुरी पाण्याच्या टाकीशी दप्तर छातीशी धरून उभी होती. मी जवळ गेले. मला तिला सांगायचं होतं की तू हुशार आहेस, असं काहीतरी. तिनं मला बोलू दिलं नाही.

"तुम्ही गप्प का नाही बसलात?"

"कस्तुरी, उत्तर चूक होतं."

"मला माहीत होतं ना!" ती ओरडली. टाकीवर पाणी पिणारी दोन मुलं वळून बघायला लागली. "मला माहीत असून मला गप्प बसता आलं. तुम्ही तर मोठ्या आहात."

"सगळ्या मुलांनी चौसष्ट बरोबर समजलं असतं गं."

"समजू दे ना! साहेब गेल्यावर सांगायचं त्यांना. पप्पा गेल्यावर सांगायचं." तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. रागच होता, स्वच्छ. "तुम्हाला उदाहरणाचं काही नव्हतं पडलं. तुम्हाला पप्पांना हरवायचं होतं. आणि पप्पांना तुम्हाला. मला कशाला मधे उभं केलं दोघांनी?"

मी काही बोलायच्या आत ती चालायला लागली. फाटकापर्यंत एकदाही मागं वळून पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी प्रार्थना झाली, मुलं बसली, आणि वाळुंज सर दारात आले. त्यांचा तास दुसरीकडे होता. मी हजेरी घेत होते, थांबले. मला वाटलं आता सगळ्यांसमोर तमाशा होणार. मनात मी उत्तरंही जुळवली.

ते आत आले आणि माझ्याकडे न बघता फळ्यापाशी गेले. खडू घेऊन कालचं उदाहरण पहिल्यापासून शेवटपर्यंत लिहून काढलं, शब्दन्शब्द. रात्रभर तेच डोक्यात घोळत असावं. मग त्याच्याखाली एक लांब पट्टी काढली. दुसरी आखूड काढताना जरा अडखळले, कारण ते आयुष्यात पहिल्यांदाच करत होते. रेघ वाकडी आली. मागून महादू म्हणाला, "सर, दुपारची अजून आखूड पाहिजे." वाळुंज सरांपुढं असं कुणी कधी बोललं नव्हतं. सरांनी पट्टी पुसली आणि आखूड काढली.

"बत्तीस," ते म्हणाले. हात झटकले आणि वर्गाकडे वळले. "काल मी चौसष्ट म्हणालो. मी न वाचता म्हणालो. मी चुकलो. ही चूक माझी होती, दुसऱ्या कुणाची नव्हती. कस्तुरी वाळुंज, उभी राहा."

कस्तुरी उभी राहिली.

"तुला बत्तीस येत होतं?"

तिनं फळ्यावरच्या पट्ट्यांकडे पाहिलं.

"तुला विचारतोय. येत होतं?"

"हो सर."

"मग यापुढं मला येत नसेल आणि तुला येत असेल, तर मोठ्यानं सांगायचं. माझ्यासाठी परत चुकायचं नाही. कळलं?"

"हो सर."

"बस."

ती बसली आणि बाकावर डोकं टेकून हुंदके देऊन रडायला लागली. आदल्या दिवशी सबंध दिवसात न रडलेलं सगळं तेव्हा आलं. सर तिच्यापाशी गेले नाहीत. जागेवरच उभे राहून त्यांनी ते ऐकलं. मग माझ्याकडे वळले आणि मुलांना ऐकू जाईल अशाच आवाजात म्हणाले, "तुमच्याशी माझं काही मिटलेलं नाही."

"माझंही नाही, सर," मी म्हणाले.

ते गेले. मी हजेरी पुढं घेतली.

सोनटक्के साहेबांनी माझ्याबद्दल 'वेळेचे नियोजन सुधारावे' एवढाच शेरा मारला आणि मी त्या शाळेत राहिले. जूनमध्ये कस्तुरी वरच्या वर्गात, वडिलांच्या हाताखाली गेली. व्हरांड्यात समोरून आली तर रीतसर नमस्ते करायची. त्याहून जास्त कधीच बोलली नाही.

वाळुंज सर आणि मी पुढं कित्येक वर्षं एकाच स्टाफरूममध्ये बसलो. काही सांगायचं असलं तर शिपायाकरवी निरोप यायचा. भर वर्गात 'मी चुकलो' म्हणणारा दुसरा शिक्षक मला सबंध नोकरीत भेटला नाही. हे मी त्यांना कधी सांगितलं नाही, सांगितलं असतं तरी त्यांनी पेपर उघडला असता. निवृत्त झाले तेव्हा निरोपाच्या भाषणात त्यांनी शाळेतल्या एकेकाचं नाव घेऊन आभार मानले. शिपायाचं घेतलं, घंटा देणाऱ्या मावशींचं घेतलं. माझं घेतलं नाही.

आमचं काही मिटलेलं नव्हतं. मला ते बरोबरच वाटलं.